पाला कधी, देठ कधी? खान्देशी स्वयंपाकातली कोथिंबीर, कढीपत्ता, मेथी, शेपू आणि बाकी मंडळी

तापीकाठ (धागाकर्ता)

शेवभाजी, भरीत, फुनके, कढी यांच्या पाककृती इथे ढिगाने आहेत. पण कोणतीही उघडा, पाल्याची बोळवण शेवटच्या ओळीत होते: 'वरून कोथिंबीर भुरभुरा आणि गरमागरम वाढा.' किती, कोणता भाग, कशाच्या आधी, कशाच्या नंतर, काही नाही. म्हणून हा धागा फक्त पाल्याचा. मसाल्यांचा नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पदार्थ बिघडतो तो पाला कमी-जास्त झाल्याने क्वचितच. तो चुकीच्या वेळी पडल्याने बिघडतो. कोथिंबिरीच्या पानांचा वास हलका, उकळीबरोबर उडून जाणारा. कढीपत्त्याचा वास तेलात उतरतो, नुसत्या पाण्यात फारसा नाही. मेथी आणि शेपू तर भाजी म्हणून शिजतात आणि वासासाठीही पडतात, दोन्ही कामांची वेळ वेगळी.

सुरुवात शेवभाजीने. चार माणसांना दोन मध्यम कांदे, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे काप, १०-१२ लसूण पाकळ्या, इंचभर आलं. कांदा आणि खोबरं तेलावर खरपूस भाजायचं. मसाला वाटताना त्यात कोथिंबिरीची देठं घालायची, साधारण मूठभर (३० ग्रॅम). पानं बाजूला ठेवायची. देठात वास पानाइतकाच, किंबहुना जरा जास्त, आणि तो वाटून परतला तरी टिकतो. जुडीला मुळं असतील तर ती खरवडून, तीनदा धुऊन तीही वाटणात जातात. मुळाचा वास सगळ्यात दणकट.

मग ५-६ मोठे चमचे तेलात वाटण परतायचं, मंद ते मध्यम आचेवर, ८ ते १० मिनिटं. कडेने तेल सुटलं की २ चमचे काळा मसाला, दीड-दोन चमचे तिखट, अर्धा मिनिट हलवून ४ वाट्या उकळतं पाणी. इथे दोन चुका होतात. वाटण कमी परतलं तर देठांचा कच्चट वास रश्शात राहतो आणि रंग शेवाळी दिसतो. गार पाणी ओतलं तर तर्री वर यायला वेळ लागतो, मग लोक वरून तेल ओततात.

रस्सा १० मिनिटं उकळून गॅस बंद केल्यावर पानं. शेव वाढताना.

---

बडगीसोटा

धागा वाचनखुणेत टाकला. पण भो, भरताचं काय? पाल्याची खरी परीक्षा तिथेच. भरतात मसाला नसतोच, मग लपायला जागा कुठे?

१ किलो भरिताची हिरवी वांगी. (जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जांभळं घेऊन पुन्हा भरीत पांचट झालं म्हणून इथे तक्रार करू नये.) तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) नाहीतर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची. गॅसवर भाजली तर धुराचा वास कमी, तेव्हा पाल्याचं काम वाढतं.

सोलताना वांगं नळाखाली धरू नका. हात ओला करा, वांगं नको. धुराचा अर्क सालीखालच्या गरावर असतो, तो धुऊन टाकला की उरतं काय?

८-१० पोपटी मिरच्या आणि १५ लसूण पाकळ्या जाडसर मीठ घालून बडगीत (लाकडी खोलगट भांड्यात) ठेचायच्या. मग त्यात गर घालून सोट्याने घोटायचा. मिक्सर नको, पातं बिया चिरडतं आणि गर चिकट होतो.

आता पात. १ किलो वांग्याला कांद्याची एक मध्यम जुडी, साधारण २०० ग्रॅम. पांढरा भाग वेगळा चिरायचा, हिरवा वेगळा. ४ मोठे चमचे तेल तापवून त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग पांढरा भाग दोन मिनिटं. त्यावर घोटलेला गर, पाच मिनिटं. गॅस बंद करून हिरवी पात आणि अर्धी वाटी बारीक चिरलेली कोथिंबीर, झाकण न ठेवता. झाकण ठेवलं की वाफेने पात काळपट हिरवी होते आणि पाणी सोडते. सकाळचं भरीत संध्याकाळी आंबूस लागतं त्यात या पाण्याचाही हात असतो.

कोथिंबिरीचं देठ भरतात नको, हे मी ठामपणे सांगतो. मऊ गरात दाताखाली येतं.

---

अंबाडी

@बडगीसोटा दादा, जून देठ नको हे बरोबर. पण वरचं कोवळं, नखाने तुटणारं देठ मिरची-लसणाबरोबर बडगीत ठेचून बघा. त्याच्या रसाने मिरचीचा उग्रपणा बसतो. एक मूठ पुरे. आणि हिरवी पात सगळी कच्ची नको, अर्धी पांढऱ्या भागासोबत परता. नुसती कच्ची पात ताटात चांगली लागते, पण पाव तास गेला की तिचाच वास वर येतो, वांग्याचा मागे पडतो. लग्नाच्या पंगतीत भरीत तासभर थांबतं, तिथे कच्ची पात घालतच नाहीत, वेगळी वाढतात.

---

बडगीसोटा

पंगतीचा मुद्दा मान्य. देठाचा नाही.

---

दूरगावचा_खान्देशी

कढीपत्त्याबद्दल कोणी सांगेल का? फोडणीत टाकला की इतका तडतडतो की हातावर तेल उडतं, आणि दोन सेकंदात काळा. कढीत तर त्याची चवच लागत नाही. पानं बाजारातली, पाकिटातली.

---

गिरणामाई

तडतड पानाची नाही, पानावरच्या पाण्याची. धुतलेली पानं फडक्यावर टिपून, पंख्याखाली १० मिनिटं ठेवा, निम्मी तडतड गेली. उरलेली पानातल्या ओलाव्याची असते, त्यासाठी पान टाकताच झाकण अर्ध्यावर धरा.

क्रम: तेल तापलं, मोहरी. मोहरी पूर्ण फुटू द्या. मग जिरे, ते फुलले की आच बारीक. मग कढीपत्ता, मग हिंग, मग हळद. कढीपत्त्याने तेल जरासं निवतं, म्हणून त्याच्यामागे टाकलेला हिंग आणि हळद जळत नाहीत. उलट क्रमाने टाकलं तर हळद करपते आणि दोष कढीपत्त्यावर येतो. तेलात पान १०-१२ सेकंद, कडा आक्रसून पान चकचकीत हिरवं दिसेपर्यंत. काळं पडलं की कडवट, ते फेकून फोडणी नव्याने करा, अख्खी कढी वाया घालवण्यापेक्षा दोन चमचे तेल स्वस्त.

कढीत चव लागत नाही याचं कारण फोडणी अपुऱ्या तेलाची असते. चमचाभर तेलात पंधरा पानं कोरडीच भाजतात, वास उतरायला तेलच नाही. अर्धा लिटर ताकाला दोन मोठे चमचे तूप किंवा तेल, १०-१२ पानं. ताकात एक मोठा चमचा बेसन आधीच गुठळी मोडून घुसळा, आच मंद, हात थांबवायचा नाही, मीठ उतरवताना. आणि उतरवल्यावर ३-४ ताजी पानं हाताने फाडून घाला. तळलेल्या पानाचा वास वेगळा, ताज्याचा वेगळा. कढीला दोन्ही हवेत.

पाकिटातली पानं पिवळसर आणि डहाळीवरून लगेच गळणारी असतील तर घेऊ नका. चुरगळून वास घ्या, दुकानदार काही म्हणत नाही.

---

भुसावळ_जंक्शन

कढीपत्ता वाळवून ठेवला तर चालतो का? आमच्याकडे झाड आहे, उन्हाळ्यात छाटणी केली की पाटीभर निघतो.

---

गिरणामाई

वाळवू नका, गोठवा. डहाळ्यांवरून काढून, धुऊन, कोरडा करून डब्यात घालून फ्रीजरमध्ये. लागेल तसा गोठलेलाच तेलात. वितळू दिला तर काळा पडतो. वाळवलेल्यात वास निम्म्याहून कमी राहतो, तो भुकटीच्या चटणीत चालून जातो.

चटणीच करायची तर दोन वाट्या पानं एक चमचा तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता. पान बोटांत धरून चुरडलं की आवाज आला पाहिजे, वाकलं तर अजून ओल आहे. अर्धी वाटी सुकं खोबरं, पाव वाटी तीळ, ६ लाल मिरच्या, १० लसूण पाकळ्या वेगवेगळं भाजून, सगळं गार झाल्यावर वाटा. गरम वाटलं तर खोबरं तेल सोडतं आणि चटणीचा लगदा होतो. पानात ओल राहिली तर आठवड्यात बुरशी.

---

मिक्सरवाली

हिरवी चटणी. कोथिंबीर-पुदिन्याची. केली तेव्हा हिरवीगार, जेवायला बसेपर्यंत शेणकट. लिंबू घालते तरी. आणि थोडी कडूही लागते.

---

तापीकाठ

ताई, दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

कडूपणा पुदिन्याचा. पुदिना आणि कोथिंबीर समसमान घालतात तिथे घोळ होतो. दोन वाट्या कोथिंबिरीला एक वाटी पुदिना, त्याहून जास्त नको. कोथिंबिरीची देठं घ्या, पुदिन्याची टाका, ती तंतुमय आणि कडू असतात. शिवाय बारीक वाटत राहिलं की पुदिना आणखी कडू होतो.

काळं पडण्याचं कारण असं: पान चिरडलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) हवेशी गाठ पडताच पानातल्या द्रव्यांना काळपट करतं. पुदिन्यात हे फार जोरात होतं. मिक्सरची उष्णता त्याला मदत करते. लिंबू विकराला आवर घालतं, पण ते वाटल्यावर पिळून उपयोग नाही, वाटताना आधीच हवं. दोन वाट्या कोथिंबिरीला अर्ध्या लिंबाचा रस, तीन-चार बर्फाचे खडे, एक मोठा चमचा फुटाण्याची डाळ (घट्टपणासाठी, म्हणजे पाणी सुटत नाही). भांडं थांबत-थांबत, दहा-दहा सेकंद फिरवा. जाडसर राहिली तरी चालेल.

दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची असेल तर पुदिन्याची पानं उकळत्या पाण्यात १० सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात घाला, मग वाटा. विकर मरतं, रंग टिकतो. वास थोडा कमी होतो, तो सौदा आहे.

फार जास्त लिंबूही नको. आंबटात हिरवा रंग काही तासांनी शेवाळी होतो, ते वेगळं कारण.

---

मिक्सरवाली

धन्यवाद. लिंबू शेवटी पिळत होते. आणि दही?

---

तापीकाठ

वाढायच्या वेळी, चमच्याने मिसळून. मिक्सरमध्ये दही फिरवलं की ताक होतं.

---

दूरगावचा_खान्देशी

कसुरी मेथी म्हणजे आपलीच मेथी वाळवलेली ना? मग विकत कशाला घ्यायची, हिवाळ्यात १० रुपयांना जुडी मिळते.

---

कळण्याची_भाकर

नाही. कसुरी ही मेथीची वेगळी जात आहे, पान बारीक, वास गोडसर आणि दणकट. नाव आता पाकिस्तानातल्या पंजाबात असलेल्या कसूरवरून पडलं. आपल्याकडे बाजारात येते ती मुख्यतः राजस्थानात नागौरकडे पिकणारी. आपली मेथी वाळवली तर वाळलेली मेथीच होते, वाईट नाही, पण तो वास येणार नाही. वरणात, थालीपिठात, बट्टीच्या पिठात चालते.

वाळवायची असेल तर पानं खुडून धुवा, सुती कापडावर एका थरात, सावलीत पसरा. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा यासाठी उत्तम, दोन-तीन दिवसांत पान चुरचुरतं. कडक उन्हात टाकली की रंग जातो, वासही. १ किलो पानांची साधारण १०० ते १२० ग्रॅम भरते. पूर्ण वाळल्याशिवाय बरणीत भरू नका. संशय असेल तर बरणीत भरून एक रात्र ठेवा, काचेला आतून दव दिसलं तर परत पसरा.

वापरताना, कसुरी असो की घरची: कोरड्या तव्यावर मंद आचेवर २०-३० सेकंद, मग तळहातांवर चोळून, भाजी उतरवायच्या दोन मिनिटं आधी. चार माणसांना एक चमचा. दोन घातले की सगळ्या भाज्या एकसारख्या लागतात, हॉटेलांचं तेच होतं. आणि कृपा करून शेवभाजीत घालू नका. काळ्या मसाल्याशी तिचं भांडण आहे.

---

बडगीसोटा

+१. ढाब्यांवर हल्ली घालतात. शेवभाजी मागितली तर पनीर मसाल्याचा रस्सा आणि वर शेव.

---

अंबाडी

ताज्या मेथीवर दोन ओळी लिहिते. परतलेल्या मेथीचा कडूपणा बहुतेक वेळा झाकणामुळे जाणवतो. वाफ कोंडली की पानाचं पाणी सुटतं, भाजी त्यातच उकडते आणि काळपट होते. कढई रुंद घ्या, तेल चांगलं तापवा, लसूण-हिरवी मिरची तांबूस झाली की मेथी दोन हप्त्यांत घाला, आच मोठी, झाकण नाही. चार ते पाच मिनिटं. मीठ मेथी बसल्यावर, कारण दोन जुड्यांची भाजी वाटीभर होते आणि आधी अंदाजाने घातलेलं मीठ खारट निघतं.

मुळातच कडू नको असेल तर भिजवलेली तूरडाळ पाव वाटी किंवा दाण्याचं कूट दोन चमचे. कूट शेवटी.

---

सातपुडा

मिरचीच्या भाजीचा विषय निघाला नाही अजून, आश्चर्य आहे. खान्देशात पाल्याचं सगळ्यात अवघड काम तिथे असतं. तूरडाळ, वांगी, हिरव्या मिरच्या, आंबट चुका, शेपू किंवा जी पालेभाजी असेल ती, कोथिंबीर. एकेका घरची वेगळी, पण बिघडते एकाच ठिकाणी: सगळं एकदम कुकरला लावतात.

चुका आंबट आहे. आंबटात डाळ शिजत नाही, दाणा आतून कडकच राहतो, मग पाच शिट्ट्या, सहा शिट्ट्या, तोवर शेपूचा वास गेलेला. म्हणून आधी पाऊण वाटी तूरडाळ, दोन-तीन वांग्यांच्या फोडी, १०-१२ मिरच्या (कमी तिखट, पोपटी) एवढंच कुकरमध्ये मऊ शिजवा. एकीकडे थोड्या तेलात वाटीभर चिरलेला चुका परता, तो दोन मिनिटांत विरघळतो. त्यात अर्धी वाटी शेपू, एक मिनिट. मग घोटलेली डाळ-मिरची त्यावर ओता, अर्धी वाटी शेंगदाणे, लसणाची चरचरीत फोडणी, आणि पाच-सहा मिनिटं मंद उकळी.

रंग हिरवागार राहणार नाही, शेवाळीच होईल. चुक्याच्या आंबटाने तो होतोच. सोडा घालून हिरवा ठेवायचा उद्योग करू नये, चव साबणासारखी होते आणि चुक्याचा आंबटपणाच मरतो. शेवटी कोथिंबीर घालाल तेवढीच हिरवी दिसेल.

---

मिक्सरवाली

शेपू! आमच्याकडे निम्मं घर उठून जातं.

---

सातपुडा

त्यांना फुनके करून घाला, कळणारही नाही. एक वाटी तूरडाळ, अर्धी वाटी हरभराडाळ, ४-५ तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, पाण्याशिवाय भरड वाटायची. ५-६ मिरच्या, ८-१० लसूण पाकळ्या, चमचाभर जिरे, अर्धी वाटी कोथिंबीर आणि फक्त पाव वाटी शेपू, अगदी बारीक चिरून. मुठीत दाबून लांबट मुटके करा, चाळणीवर १५ ते २० मिनिटं वाफवा. सुरी घालून कोरडी आली की झाले.

फुटतात कशाने? पाल्याने. धुतलेली कोथिंबीर-शेपू ओली असेल, किंवा मीठ घालून वाटण तसंच ठेवलं असेल, तर पाला पाणी सोडतो आणि मुटका बांधला जात नाही. पाला कोरडा करून चिरा, मीठ मुटके वळायच्या क्षणी. एवढं करूनही सैल वाटलं तर ज्वारीचं पीठ एक चमचा. कढीबरोबर, वरून कच्चं तेल.

शेपूची नुसती भाजी करायची तर जाड देठं काढा, फक्त जाळीसारखी पानं आणि कोवळे शेंडे. एका जुडीला पाव वाटी मूगडाळ, अर्धा तास भिजवलेली. लसूण ८-१० पाकळ्या, हात आखडू नका. पाणी नाही. वास फार वाटत असेल तर एक भाग शेपू, तीन भाग मेथी किंवा पालक.

---

भुसावळ_जंक्शन

कोथिंबीर टिकवायची कशी ते सांगा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, सकाळी आणलेली जुडी दुपारी झोपते. फ्रीजमध्ये ठेवली तर तिसऱ्या दिवशी चिकट काळी.

---

गिरणामाई

चिकट काळी म्हणजे पाणी राहिलं. आणल्यावर धुवायची नाही. जुडीचा दोरा सोडा (बांधलेली जुडी मधून कुजायला लागते), पिवळी-काळी पानं काढा, मुळं कापून वाटणासाठी वेगळी. डब्यात तळाला कोरडा कागद, कोथिंबीर सैल, वर पुन्हा कागद, झाकण. दर दोन-तीन दिवसांनी कागद बदला. आठ-दहा दिवस सहज जातात. पावसाळ्यातली जुडी मुळात भिजलेली असते, ती आधी फडक्यावर तासभर पसरा.

झोपलेली जुडी टाकून देऊ नका. देठांची टोकं कापून गार पाण्याच्या पेल्यात उभी करा, वर ओलं फडकं, अर्ध्या-पाऊण तासात उभी राहते. पुदिना तर पेल्यातच ठेवा, आठवड्यात मुळं फुटतात, कुंडीत लावा.

धुताना: मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, कोथिंबीर बुडवून हलवा, आणि पाला वर उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. चाळणीत ओतू नका, तळाशी बसलेली माती परत पाल्यावर येते. तीन पाणी. चिरायची सगळ्यात शेवटी, धारदार विळीने, एकदाच. पुन्हा पुन्हा चिरली की रस पाटावर आणि वासही पाटावर.

स्वस्त असताना साठवायची तर थोड्या तेलात जाडसर वाटून बर्फाच्या साच्यात गोठवा. रस्सा-वाटणाला उत्तम, वरून भुरभुरायला नाही. वाळवू मात्र नका, वाळलेल्या कोथिंबिरीत गवताखेरीज काही उरत नाही. पुदिना वाळवून चालतो.

---

कळण्याची_भाकर

कुंडीत लावणाऱ्यांसाठी: धणे अख्खे पेरू नका. एका धण्यात दोन बिया असतात, चपलेने किंवा लाटण्याने हलकं रगडून दोन फाका करा. भुगा नको. रात्रभर भिजवून, एक-दीड सेंटिमीटर खोल, ओळीत. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, चौथ्या दिवशी कुंडी उकरून बघू नये. ४० दिवसांत कापणीला येते. ऑक्टोबर ते जानेवारी पेरलेली उत्तम. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडच्या उन्हात उगवण कमी आणि उगवलेली लगेच फुलावर जाते, पान बारीक होतं. हौस असेल तर सकाळचंच ऊन मिळेल अशी जागा किंवा हिरवी जाळी. मेथी सोपी, तीन-चार दिवसांत वर, महिन्याभरात भाजी.

---

दूरगावचा_खान्देशी

पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या साठल्या आहेत. आपल्या कशात जातात का?

---

अंबाडी

टोमॅटो असेल तिथे. काळ्या मसाल्यात मुळीच नाही. वाळलेला पाला ताज्याच्या एक तृतीयांश पुरतो, आणि तो शेवटी नाही, तेलात किंवा रश्शात मध्यावर घालायचा, ओल मिळाल्याशिवाय तो फुलत नाही.

तसं पाहिलं तर कुंडीतला पानओवा त्याच वळणाचा वास देतो, दोघांत एक द्रव्य सारखं आहे. (ओव्याचं झाड वेगळं, पानओवा वेगळा. जाड, लवदार पानाचा तो पानओवा.) त्याची भजी करताना पान धुऊन दोन्ही बाजूंनी पुसा, नाहीतर पीठ सरकतं. एक वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, तिखट, मीठ, पाणी बेताचं. पिठात ओवा घालू नका, पानातच आहे. मध्यम आचेवर तळा, पान पाणीदार असतं, मोठ्या आचेवर वरून लाल आणि आतून कच्चं राहतं.

---

बडगीसोटा

तमालपत्रावर एक: आपल्या तमालपत्राला देठापासून टोकापर्यंत तीन शिरा असतात. मधे एकच शीर आणि आडव्या उपशिरा दिसल्या तर ते परदेशी, वेगळ्या झाडाचं. पुलावात खपतं, काळ्या मसाल्यात नको, वास वेगळा. मसाल्यासाठी पान तोडून मंद भाजायचं, वाकवलं की काडकन मोडलं पाहिजे. नरम राहिलं तर मसाल्यात चोथ्यासारखं येतं आणि चाळणीत अर्धं अडकतं.

---

मिक्सरवाली

शेवटचा प्रश्न. गवती चहा घातल्यावर दूध फाटतं का? सासूबाई दूध उतरवल्यावरच घालू देतात.

---

तापीकाठ

गवती चहाने नाही फाटत, वास लिंबासारखा असला तरी तो आंबट नाही. फाटतं कच्च्या आल्याने, तेही दूध जुनं असेल तर. दोन कपांना दोन-तीन पाती कात्रीने बोटभर कापून पाण्यातच टाका, तीन मिनिटं उकळा, मग साखर-चहा, मग दूध. आलं घालायचं असेल तर तेही पाण्यातच उकळून घ्या. दूध उतरवल्यावर घातलेल्या पातीचा वास चहात येत नाही, गाळणीत जातो.

लसणाच्या पातीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून एवढं: हिवाळ्यात मिळते तेव्हा ठेच्यात घाला. १५ मिरच्या तेलावर परतून, एक मूठ लसणाची पात कच्ची, मीठ, दाणे. पात ठेचून पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची आणि मग मिरच्यांत मिसळायची, ठेचल्यानंतरच तिचा तिखटपणा तयार होतो. आधी तव्यावर टाकली की तो होतच नाही, नुसती पात लागते. हा ठेचा त्याच दिवशी संपवा.